राहील त्याचं मत

माझं माहेर काटोलचं, नागपूरच्या जवळचं, संत्र्यांच्या बागांचं गाव, अन् सासर नागपूर शहरातलं. नाव इंदू, आडनाव राहू द्या, तुम्ही हे टेप करून राहिल्या ते उद्या कोणाच्या कानावर जाईल याचा काय भरवसा. नाही, तुमच्यावर शंका नाही घेत मी, पुण्याच्या असल्या तरी. पण सवय आहे बाप्पा. आमच्या दारात जो गोड बोलत आला तो काहीतरी घेऊनच गेला, हे मी लग्न झाल्यापासून पाहत आली.

माझे सासरे शाळेत मास्तर, पण जीव सगळा वेगळ्या विदर्भात. मोर्चा म्हटला की हे पुढे, अन् घरी सासूबाई एकट्या, चूल त्यांनाच, पोरं त्यांनाच, दुखणी-खुपणी त्यांनाच. हिवाळ्यात अधिवेशनाला मंत्री नागपूरला यायचे, तर्री-पोहे खायचे, संत्र्यांच्या पेट्या गाडीत टाकायचे, अन् विदर्भाचं विचारलं की म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की पाहू. सासऱ्यांना ते खरं वाटायचं. सासूबाई आतून म्हणायच्या, तुम्हाला विदर्भ नाही पाहिजे, घराबाहेर पडायला निमित्त पाहिजे. मी तेव्हा नवी नवरी, मला हसू यायचं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की कोणी देशासाठी, राज्यासाठी म्हणून उठला की मी आधी पाहते, हा घरातलं कोणतं काम टाकून चालला.

तर मग मिस्टर गेले. अर्धांगवायूनं पडून होते, सगळं मीच केलं त्यांचं. दोन हजार तीनमध्ये प्रशांतनं, माझ्या मुलानं, मला इकडे अमेरिकेत, श्रूजबरीला आणलं. तो सॉफ्टवेअरमध्ये, सून पण नोकरीवर, सकाळी दोघं आपापल्या गाड्या ड्राइव्ह करत निघून जायचे अन् मी त्या एवढ्या मोठ्या घरात फ्रिजचा आवाज ऐकत बसायची. म्हणून फिरायला निघायची, नऊवारी नाही हो, साधी पाचवारी, त्यावर प्रशांतचं जुनं जाकीट अन् पायात बूट. मागच्या गल्लीत एक गोरी म्हातारी रोज बागेत काम करताना दिसायची. एक दिवस तिनं कुंपणावरून मला हाक मारली अन् काहीतरी विचारलं. तिचं इंग्रजी मला काय, प्रशांतलाही कळत नव्हतं, शब्द असे घोळवून बोलायची. शेवटी तिनं हातांनी करून दाखवलं. विचारत होती, तुला मोठा माणूस उचलता येतो का.

ती मोरागबाई. स्कॉटलंडची. अन् उचलायचा होता तो तिचा नवरा, आर्थरसाहेब. त्यांना पार्किन्सन, हात सारखे थरथरत, पाय साथ देत नव्हते, आवाज अगदी खाली गेलेला, पण डोकं एकदम टकाटक. ते मात्र इंग्लंडचे. मला आधी वाटायचं इंग्लंड काय अन् स्कॉटलंड काय, सगळे इंग्रजच. असं एकदा बोलून गेली तर मोरागबाईनं चहाचा कप असा आपटला की मी परत कधी बोलली नाही.

प्रशांत म्हणे, आई, मी इथे टीम लीड आहे अन् तू लोकांकडे कामाला जाणार, महाराष्ट्र मंडळात लोक काय म्हणतील. मी म्हटलं, मंडळातल्यांना सांगू नको, अन् सांगितलंस तर सांग आई वॉकला जाते. सोमवार ते शुक्रवार मी तिकडेच राहायची, त्यांच्या मागच्या खोलीत. शनिवार-रविवार घरी. आर्थरसाहेबांना आंघोळ, दाढी, जेवण. ते फार कमी बोलायचे. ती फार बोलायची. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, तरुणपणीच दोघं इकडे आलेले, ते वूस्टरमध्ये कारखान्यात होते, पण मोरागबाईचं मन तिकडे समुद्रकाठच्या गावातच राहिलेलं. रोज तेच. आमचं तेल लंडननं नेलं, आमच्या मुलांना लंडननं लढाईला पाठवलं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडेही तेच, कोळसा आमचा, वीज आमच्याकडे बनते अन् जाते मुंबईला, अन् लोडशेडिंग आमच्या वाट्याला. तेव्हापासून तिला वाटलं मी तिच्याच पार्टीची. मी कुठे कोणाच्या पार्टीची, मी फक्त गोष्ट सांगितली.

मग दोन हजार सात आलं. मे महिना असेल, झाडांना नुकती पानं फुटली होती. तिकडे स्कॉटलंडमध्ये निवडणूक झाली अन् वेगळं व्हायचं म्हणणारा पक्ष एका जागेनं पुढे आला, सरकार त्यांचं. त्यांनी सांगितलं, आमच्या मुदतीत लोकांचं मत घेऊ, इंग्लंडसोबत राहायचं की वेगळं व्हायचं. मोरागबाई स्वयंपाकघरात नाचली हो, खरंच नाचली, त्या वयात. मी भांडं पुसत पाहत होती. म्हटलं, मोरागबाई, पुढारी म्हणतात घेऊ, पण घेतात का? ती म्हणे, हे घेतील. सासऱ्यांचाच चेहरा दिसला मला.

अन् त्याच आठवड्यात तिच्या भाच्याचा तिकडून फोन. म्हणे आत्या, नियम अजून ठरले नाहीत, पण लोक म्हणतात जो इथे राहतो त्यालाच मत, बाहेर गेलेल्यांना नाही, तर तू परत ये, माझ्या घराचा खालचा मजला रिकामा आहे. आता सांगा, एवढ्या वर्षांत ज्या भाच्यानं ख्रिसमसचं कार्ड पाठवलं नाही त्याला आजच खालचा मजला काहून आठवावा? मी विचारलं, तिथे व्हीलचेअर जाते का? मोरागबाई म्हणे, ते पाहू. मी विचारलं, आर्थरसाहेबांचं काय? ती म्हणे, ते पण पाहू.

ते पण पाहू! मी तिला ओळखत होती, वाईट बाई नाही. पण सासूबाईंचं ते वाक्य काही सुटेना. मी तिच्यावर नजर ठेवायला लागली. दार लावून बोलली की मी कपडे घड्या करायच्या निमित्तानं तिथेच. एकदा टेबलावर वृद्धाश्रमाचं रंगीत पुस्तक दिसलं, वूस्टरचं, बाग, कारंजं, हसणारे म्हातारे. झालं, मी समजून गेली. हिला स्कॉटलंड नाही पाहिजे, हिला त्या थरथरत्या माणसापासून सुटका पाहिजे. घरी येऊन प्रशांतला सांगितलं तर तो म्हणे, आई, यू आर टू सस्पिशस, ती चौकशी करत असेल यार. तो माझ्याशी पण यार म्हणतो.

त्यांची एक मुलगी, फियोना, रेडमंडला राहते, देशाच्या त्या टोकाला. तिला कळलं तशी फोनवर रडून-ओरडून एक केलं तिनं. डॅडला घेऊन तू विमानात बसणार? कोण्या निवडणुकीसाठी, जी होणार की नाही तेही माहीत नाही? मला वाटलं, चला, कोणीतरी शहाणं आहे. तर मोरागबाई काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, ठीक, आपण या घरात मत घेऊ. जायचं की नाही. अन् नियम तोच, जो या घरात राहतो त्याला मत. फियोना फोनवरून ओरडली, मी मुलगी आहे तुमची! मोरागबाई म्हणे, तू रेडमंडला राहतेस, तिकडच्या पावसावर मत दे. अन् माझ्याकडे बोट करून म्हणाली, इंदूला मत आहे, इंदू इथे राहते.

काय सांगू तुम्हाला. मला या देशात मत नाही, ग्रीनकार्डवाल्याला कुठे असतं. नागपूरला यादीतून माझं नाव कधीच उडालं. म्हणजे अख्ख्या जगात मला कुठेच मत नव्हतं, अन् ही म्हातारी आपल्या संसाराचं मत माझ्या हातात देऊन राहिली होती. आधी वाटलं, ही मला कशात तरी गोवून राहिली, उद्या मुलगी म्हणेल त्या इंडियन बाईनं घर मोडलं. मी म्हटलं, मी नोकर माणूस, मला नका ओढू. ती म्हणाली, आर्थरला मी जेवढी उचलते त्याहून जास्त तू उचलतेस. बस, एवढंच.

मग दुपारच्या चहाला मत घेतलं. तिघांना कागदाचे तुकडे, अन् टाकायचे चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालतात त्या लोकरी टोपीत. फोन टेबलावर, फियोना ऐकत होती. मी माझ्या चिठ्ठीवर नो लिहिलं, ठळक लिहिलं. आर्थरसाहेबांना पेन धरता येत नव्हतं, म्हणून त्यांचं मी लिहायचं ठरलं. मोरागबाई पाठ करून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. मनात म्हटलं, बोला साहेब, नो बोला, दोन विरुद्ध एक, सगळं इथेच थांबतं. ते म्हणाले, येस.

मला वाटलं ऐकण्यात चूक. परत विचारलं. येस. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, म्हटलं धमकावलं असेल हिनं, नाहीतर यांना समजतच नसेल मी काय विचारून राहिली. तिसऱ्यांदा विचारलं तर ते वैतागले, जेवढा आवाज होता तेवढ्यानं म्हणाले, लिही ना बाई. लिहिलं मी. दुसऱ्याचं मत आहे, त्यात आपलं कसं घुसवणार.

दोन येस, एक नो. मोरागबाईनं चिठ्ठ्या उलगडल्या अन् माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, माझंच आहे, अन् हेही सांगून टाकलं की मला वाटते तुम्ही यांना तिकडे नेऊन कुठेतरी टाकाल, नाहीतर इथेच टाकून जाल, ते पुस्तक पाहिलं मी. ती लाल झाली. म्हणाली, पुस्तक मी मागवलं नव्हतं, फियोनानं पाठवलं होतं. तिकडून फियोनानं फोन ठेवून दिला. ज्या मुलीला मी शहाणी समजत होती! आता सांगा, शंका घेऊन घेऊन मी नेमकी चुकीच्या माणसावर घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मी आर्थरसाहेबांना विचारलंच. साहेब, का हो म्हटलं? तुम्ही तर इंग्लंडचे. उद्या तो देश वेगळा झाला तर बायकोच्या गावात तुम्ही परदेशी ठरणार, पेन्शनचं काय, पाउंड कोणाचा, हे तुम्हीच तर तिला विचारायचे. त्यांच्या गालावर साबण, ओठ हलायला वेळ लागायचा. म्हणाले, जो तिथे राहील त्याचं मत. इथे बसून मी काय करणार? तिथे राहीन अन् तिच्या विरुद्ध मत टाकीन. पन्नास वर्षं ऐकून घेतलं, एकदा तरी तिला हरवल्याशिवाय मरणार नाही. मग म्हणाले, तिला सांगू नको. अन् हसले. थरथरत्या माणसाचं हसू पण थरथरते, मला वस्तरा बाजूला घ्यावा लागला.

मी नाही सांगितलं. पण मला शंका आहे, मोरागबाईला आधीपासून माहीत असावं.

सप्टेंबरात दोघं निघाले स्कॉटलंडला. भाच्यानं उतार बांधून घेतला होता व्हीलचेअरसाठी, फोटो पाठवला, मी चष्मा लावून नीट पाहिला, पक्का होता. निघायच्या दिवशी मी मोरागबाईची ओटी भरली. तिला काही कळलं नाही, नारळ हातात घेऊन उभी राहिली अन् म्हणाली, हे विमानात नेऊ देतील का. दोघींनाही रडू आलं. मी किती वर्षांनी रडली, मिस्टर गेले तेव्हा सगळे पाहत होते म्हणून नीट रडताच आलं नव्हतं. आर्थरसाहेबांना गाडीत मीच उचलून बसवलं. इथल्या डॉक्टरांनी प्रवासाच्या आधी मोरागबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार आशा धरू नका, एक हिवाळा निघाला तरी खूप. मी दाराशीच होती, ऐकलं मी.

तो हिवाळा निघाला. आता दुसरा आला. दर रविवारी तिचा फोन येतो. म्हणते, त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं आता, मी नो टाकणार, वेगळं नको म्हणून, भाच्याशी भांडतात, पेपर वाचून घेतात, जेवण नको म्हटलं की मी म्हणते उपाशी माणसाला मत टाकायला जाता येत नाही, मग खातात. तिथला डॉक्टर चक्रावला, विचारतो काय देता यांना. अन् ते मत काही होऊन नाही राहिलं. आज घेऊ, पुढच्या वर्षी घेऊ, कायदा आणू, बिल आणू, विरोधी पक्ष नाही म्हणतो, बँका बुडून राहिल्या, आता वेळ नाही. मला सगळं ओळखीचं वाटते.

मोरागबाई म्हणते, इंदू, तुझ्या देवाला सांग, लवकर मत होऊ दे. मी फोनवर हो हो म्हणते. अन् काय सांगू तुम्हाला, संध्याकाळी दिवा लावते तेव्हा हात जोडून बरोबर उलटं सांगते. सगळा जन्म मी पुढाऱ्यांना शिव्या देत आली की लेकाचे नुसते पुढे ढकलतात. आता म्हणते, देवा, ढकलू दे त्यांना. अजून एक वर्ष ढकलू दे, मग आणखी एक. बोलू दे खोटं. त्या माणसाला बायकोला नाही म्हणायचं आहे, तोवर त्याला राहू दे.