रोसाल्बाबाईंचा समोरचा दात

पेशंटने खुर्चीत बसून डेंटिस्टला गाऊन दाखवलं, असं कधी ऐकलंय का तुम्ही? माझ्या फ्रीमाँटच्या क्लिनिकमध्ये झालंय. रोसाल्बा नावाच्या साठीच्या एक मेक्सिकन बाई आल्या होत्या. तिकडे सिनेमे, सिरियल्स सगळं करून आता इथे नाटकात गातात. सकाळी टोस्ट खाताना त्यांचा समोरचा दात अर्धा तुटला आणि संध्याकाळी प्रयोग होता.

"दिसण्याचं राहू दे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "गाताना 'स' आला की शिट्टी वाजते. लोक हसतील."

मी टेम्पररी कॅप बसवली. त्यांनी खुर्चीतच एक ओळ गायली. शिट्टी वाजली. मी कॅप थोडी घासली, त्या परत गायल्या, परत बारीकशी शिट्टी. चौथ्या वेळी मात्र ओळ स्वच्छ आली आणि बाहेर बसलेल्या पेशंट्सनी टाळ्या वाजवल्या.

खूश होऊन त्यांनी मला दोन तिकिटं दिली. संध्याकाळी मी नवऱ्याला मोठ्या कौतुकाने घेऊन गेले, माझं काम दाखवायला. रोसाल्बाबाई आजीच्या भूमिकेत स्टेजवर आल्या, हसल्या, तर समोर दातच नाही. मला वाटलं, माझी कॅप पडली. पण गाणं सुरू झालं ते अगदी स्वच्छ.

प्रयोगानंतर मी आत जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "दाताला काळा रंग लावलाय. या आजीला समोरचा दात नाहीच."

"मग तुटलेलाच चालला असता की."

"कसा चालेल? दात आजीचा पडलाय, डॉक्टर. गायचं मला होतं."