उजवीकडून चढणारा

दोन हजार बावीस साल, मार्गशीर्षातली थंडी. माझा गुडघा गेला होता. आठवड्यातून एकदाच घोडीवर बसणं जमायचं. पण रोज फिरवली नाही तर घोडीला पोटशूळ होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून बाकीचे दिवस तिच्यावर बसून फिरवणारा कोणी शोधत होतो. दोघं आले, दोघांनाही तिनं पाडलं.

तिसरा पालमकडचा, चाळिशीचा. त्यानं उजव्या बाजूनं रिकिबीत पाय घातला.

“डावीकडून चढ, लाथ खाशील!” मी ओरडलो.

घोडी हलली नाही. तिच्यावर उजवीकडून एकच माणूस चढायचा, माझा दोस्त रामराव. मोडल्यापासून त्याचा डावा पाय अधूच राहिला. त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

“असं चढायला कोणी शिकवलं रे?”

“रामरावमामांनी. म्हणले, माझा पाय मोडला तवा या घोडीच्या मालकानं हिवाळाभर माझा घोडा फिरवला. ते फेडायचं राहिलंय.”

“कधी म्हणाला?”

“आत्ता, वेशीपाशी. तुमचं घर त्यांनीच दाखवलं की.”

घोडी कान टवकारून वेशीकडंच बघत होती.

मी लगाम सोडला. तो रोज आला, हिवाळाभर. होळीच्या सकाळी लगाम माझ्या हातात देऊन म्हणाला, “मामांचं फिटलं.”