कमानीचा उजवा पाय

सर: म्हणजे वर्गात बसून एक तासही शिकला नाहीत?

उमेदवार: नाही सर. पदवी बाहेरून केली. दिवसभर ठेकेदाराच्या ऑफिसात पुलांचे नकाशे काढते, वर्गात बसायचं कधी?

सर: आणि आता कमानीच्या पुलांवर संशोधन करायचंय. शिकवलं कोणी तुम्हाला?

उमेदवार: इंटरनेटनं. व्याख्यानं ऐकली, लोकांचे प्रबंध उतरवून घेतले, शोधनिबंध वाचले. जे जे खुलं होतं ते सगळं. दमडीही लागली नाही.

सर: फुकट ते पौष्टिक!

उमेदवार: पचवलं तर, सर.

सर: तोंडानं हुशार आहात. पण स्पष्ट सांगतो, राग मानू नका. जागा एकच आहे. सकाळी दोघं येऊन गेले, दोघंही चांगल्या कॉलेजांतले, प्रयोगशाळेत घाम गाळलेले.

उमेदवार: मीही स्पष्ट सांगते. तुमची वयाची अट आहे. यंदा घेतलं नाहीत, तर पुढच्या वर्षी मला अर्जसुद्धा करता येणार नाही. तेव्हा दया म्हणून सोपं विचारू नका. अवघडच विचारा.

सर: विचारतो. पण ते इंटरनेटवरचं शिकणं म्हणाल तर, अहो, मी स्वतः त्या भानगडीत पडून बसलोय! वरून हुकूम आला, वर्गात कॅमेरा बसवला, म्हणे तुमचे तास सगळ्या जगाला खुले. काही दिवस केलं आणि सोडून दिलं. कॅमेऱ्यासमोर शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

उमेदवार: असेल. पण कधीतरी शेळ्यांनाही विचारावं.

सर: बरं, विचारतो. तो खडू घ्या. कमान काढा, वर भार ठेवा, आणि तो जमिनीत कसा उतरतो ते दाखवा.

(ती फळ्यावर कमान काढते. सर चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढतात.)

सर: हं. डावा पाय बरोबर. बाण बरोबर. हा मधला टप्पा का गाळलात? नाही, आहे आहे, बारीक काढलाय. अहो, पण उजवा पाय कुठाय?

उमेदवार: तो शेवटी काढते. सवयच लागलीय.

सर: ही कसली सवय? लोक दोन्ही पाय आधी काढतात, मग कमान. तुम्हाला असं कोणी शिकवलं?

उमेदवार: ज्या सरांची व्याख्यानं ऐकली त्यांनी काढला असेल हो आधी. मला दिसला नाही. त्याच्यापुढे ते स्वतः उभे होते.

सर: पूर्ण तास?

उमेदवार: पूर्ण तास. एकदा पाणी प्यायला बाजूला झाले, तेव्हा एक अक्षर दिसलं. तेही अर्धं.

सर: काय माणूस आहे! मुलांना फळा दिसतोय का, एवढं तरी बघावं. कोण हे महाशय?

उमेदवार: निळा शर्ट. बाहीला खडू लागलेला. नवीन मुद्दा काढायचा असला की आधी दोनदा खोकतात.

सर: खोकतात म्हणजे... थांबा. माझा तास?

उमेदवार: तुमचाच. सगळेच्या सगळे ऐकलेत, काही तर दोन-दोनदा.

सर: आणि हे आत्ता सांगताय?

उमेदवार: आधी सांगितलं असतं तर म्हणाला असतात, मस्का लावतेय.

सर: म्हणालो असतो खरा. म्हणजे त्या पायाशी मी काय लिहिलं होतं, ते तुम्हाला कळलंच नाही?

उमेदवार: नाही ना. म्हणून स्वतः डोकं चालवलं. मला वाटलं, सर एवढं झाकून उभे राहिलेत, तर काहीतरी अवघडच असणार. मी धरून चालले की हा पाय सरकतो.

सर: सरकतो!

उमेदवार: दर वर्षी केसभर. एका बाजूची जमीन भुसभुशीत असते ना कधीकधी. गणित बसता बसेना. मग जुन्या पुलांची मोजमापं धुंडाळली. कुठल्या कुठल्या विद्यापीठांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी खुल्या ठेवल्यात, कुणीही घ्या. त्या माझ्या गणितात घातल्या. कमानीच्या माथ्याला खालून तडा कधी जाईल, ते दोन पुलांचं बरोबर आलं. तिसऱ्याचं साफ चुकलं.

सर: का चुकलं?

उमेदवार: ते माहीत असतं तर इथे कशाला आले असते?

सर: पाया सरकण्याचा विचार पुस्तकांत आहे, बरं का. तुम्ही काही जगावेगळं बोलत नाही.

उमेदवार: आहे. पाय एकदा सरकला आणि थांबला, असं धरून. पण सरकतच राहिला तर काय, ते मला कुठे सापडलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मी खडू ठेवते आणि घरी जाते.

सर: बसा. माझ्याही वाचनात नाही.

उमेदवार: मग तुम्ही तिथे लिहिलं काय होतं, सर?

सर: ‘दोन्ही पाय घट्ट.’ तास संपत आला होता, सोपं करून टाकलं. वर्गातल्या पोरांनी निमूट उतरवून घेतलं. आजवर एकानंही तोंड उघडलं नाही.

उमेदवार: दिसलं असतं तर मीही उतरवलंच असतं.

सर: सकाळच्या दोघांनी दोन्ही पाय अगदी सुरेख काढले. घट्ट! तुम्ही असं करा, सोमवारपासून या. येताना तो तिसरा पूल घेऊन या. तो का चुकला, ते आपण बघू.

उमेदवार: सर, जरा पाणी मिळेल? एवढा वेळ सगळं उसनं अवसान होतं.

सर: ते ओळखलं मी. हे घ्या, सावकाश प्या.

उमेदवार: बाहेर सासूबाई बसल्यात. सकाळपासून त्यांचाही जीव टांगणीला लागलाय. आत बोलावू?

सर: म्हणजे काय! या हो, या मावशी, आत या.

सासूबाई: काय गं? झालं का?

उमेदवार: झालं, आई. घेतलं मला.

सासूबाई: न घेऊन सांगतील कुणाला! आणि हेच का ते? अगंबाई, मोबाइलमध्ये तर बोटाएवढे दिसता. आवाज मात्र अगदी तोच.

सर: तुम्हीही माझे तास ऐकलेत?

सासूबाई: ऐकले म्हणजे? ही भाजी चिरायची आणि फोन माझ्या हातात. तुम्ही फळ्याकडे वळलात की मी ओरडायची, अगं बघ, काढताहेत काहीतरी! त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही, ते सोडा. पण एक बोलू का? मध्येच बंद केलंत, ते काही बरं केलं नाहीत. ‘उरलेलं पुढच्या वेळी’ म्हणालात आणि गेलात ते गेलातच. ही रोज उघडून बघायची, आलं का, आलं का.

सर: काय करणार मावशी. वर्गही रिकामा व्हायला लागला होता. मला वाटलं, कॅमेऱ्याच्या पलीकडे तर कोणीच नाही.

सासूबाई: असं कसं? आम्ही दोघी होतो की.