दहाव्या आठवड्याची फाइल

— नाही नाही, ती फाइल टेबलावर नका ठेवू, डूवेस, हातातच असू द्या जरा. आधी बसा. कॉफी ओतलीय मी, तुम्ही नको म्हणालात तरी ओतलीय, आता काय परत किटलीत घालू? बिस्किट घ्या. आणखी एक घ्या — हो, माहितेय मला, पाहुण्याला एकच द्यायचं आणि डबा बंद करायचा, माझी आईही तसंच करायची, पण आज राहू दे डबा उघडा. काम आहे माझं तुमच्याशी. पडदा? नको, पडद्याला हात नका लावू, भरदिवसा पडदा ओढला तर समोरच्या रांगेतल्या सगळ्या हातातली कामं टाकून बघत बसतील. इथे उजेडातच बोलू.

तर ही फाइल. पहिल्या आठवड्याची — किती कोरी, नाही? भाड्याची सहा साप्ताहिकं, दर आठवड्याला एका घरातून पुढच्या घरी जाणारी, आणि अजून एकालाही कुणाचा हात लागलेला नाही. आणि आम्ही लग्न झाल्यापासून सगळ्यात स्वस्तातली, दहाव्या आठवड्याची घेतोय, तुम्हीच दर गुरुवारी आणता, नऊ घरं फिरून आलेली. पानावर कुणाच्या अंड्याचा डाग, शब्दकोडं आधीच सोडवलेलं — तेही चुकीचं — कूपनं कापून नेलेली. मी कधी कुरकुर केली? कधी म्हटलं, शिळं आणलंत? पण आता गोवर्टला विम्याच्या कचेरीत बढती मिळाली ना, विभागप्रमुख झाला तो, आणि विभागप्रमुखाच्या घरी उष्टी साप्ताहिकं शोभत नाहीत म्हणे. परस्पर तुमच्या मालकांकडे जाऊन बदलून आला. मला रात्री जेवताना सांगितलं, वाढदिवसाची भेट द्यावी तसं. मी म्हटलं, वा, छानच. काय म्हणणार दुसरं?

हसू नका, ऐका. तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय, ताजं मिळतंय तर शिळं मागतेय. पण वरच्या वेस्ट्राबाई आहेत ना, त्यांच्याकडे पहिल्यापासून पहिल्या आठवड्याचीच असते. त्या वाचतात आणि माळ्यावर कपडे वाळत घालताना मला सांगतात, या खेपेला काय आलंय. म्हणजे मला आधी कळतं. तोच अंक गोवर्टच्या हातात पडेपर्यंत मध्ये नऊ आठवडे जातात, आणि नऊ आठवड्यांत माणूस पुष्कळ काही शिकतं, डूवेस.

वाचतो ना, तो बायकांचंच वाचतो. मोटारींचं नुसतं चाळून बाजूला टाकतो, आणि बायकांच्या साप्ताहिकाला मात्र पेन्सिल घेऊन बसतो. म्हणतो, एवढ्या शिकलेल्या लोकांनी छापलंय, विचार करूनच छापलं असेल. मग ते पान माझ्या ताटाशेजारी उघडं ठेवतो. हात उगारणं तर सोडाच, आवाजसुद्धा चढवत नाही तो — तसलं काही मनात आणू नका. नुसतं पान ठेवतो आणि मी वाचेपर्यंत काटा उचलत नाही.

एकदा आलं होतं, नवरा घरी येतो तेव्हा. केसांना रिबीन असावी, मुलांचे हातपाय धुतलेले असावेत, आपली गाऱ्हाणी आल्या आल्या सुरू करू नयेत. मी नऊ आठवडे तालीम केली. फेना तेव्हा रांगत होती, तिचे हातपाय धुऊन होईपर्यंत ती परत कोळशात. पण जमवलं. गोवर्टने ते वाचलं त्या दिवशी माझी रिबीन आधीच जागेवर. कौतुकाने बघत राहिला, म्हणाला, बघ, तुझ्यात हे जन्मजातच आहे. मला हसूच येत होतं तेव्हा — खरं सांगते, तेव्हा गंमत वाटायची मला, परीक्षेचा पेपर आधीच फुटावा तशी. मग कमर किती असावी ते आलं. माझ्याच शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन, रविवारी चर्चहून आल्यावर, कोट न काढता मोजली त्याने. मी दोन महिने बटाटे सोडले होते, म्हणून निभावलं. मग जाहिरात आली धुण्याच्या यंत्राची, त्यात ती बाई, पांढरे हातमोजे घातलेली, खिडकीशी उभी राहून हसतेय. आणलं ना त्याने यंत्र. सगळ्या गल्लीत पहिलं. आणि पुढच्याच सोमवारी विचारतो, आता तुझी सकाळ वाचली, त्या सकाळी तू करतेस काय? काय सांगू, डूवेस? त्या जाहिरातीत नव्हतं ना लिहिलेलं.

काही नाही करत. बसते. तिथे, मोरीच्या पायरीवर, यंत्राकडे बघत. कधी ते थांबलेलं असतं तरी मी बसलेलीच असते. फेना येऊन ओढते तेव्हा कळतं — हे कशाला सांगतेय मी तुम्हाला. कॉफी निवली का? द्या, गरम करते. राहू दे? बरं.

मुद्द्यावर येते. मागच्या गुरुवारी वेस्ट्राबाई म्हणाल्या, पुढच्या अंकात डॉक्टरांचा लेख येणार, तशी चौकट आलीय. तुमची पत्नी थकली आहे का? सहा लक्षणं. आणि खाली एका विश्रामगृहाची जाहिरात, जंगलातलं, व्हरांड्यात बायका खुर्च्यांवर पडलेल्या, गुडघ्यांवर घोंगडी. म्हणजे तो लेख यात आहे. तुमच्या हातात आहे. वेस्ट्राबाईंनी मला विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, हातातलं विसरतेस का — मी हसण्यावारी नेलं. पण सगळीच आहेत हो मला. आत्ताच कळलं मला की ही लक्षणं असतात, मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. आणि विसरण्याचं तर — एकदा गॅस चालू राहिला. पेटवायचा राहिला, म्हणजे. खिडक्या बंद, फेना झोपलेली, आणि मी तिथेच बसलेली. विसरले मी. खरंच विसरले, तसं काही मनात नव्हतं. गोवर्ट जेवायला लवकर आला म्हणून. त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि महिन्याभरात त्याच्या आईने तिच्या घरी मागच्या खोलीत फेनासाठी पलंग रंगवून घेतला. पांढरा, वर निळी फुलं. म्हणतो, सुट्टीपुरता आहे. गाद्या, उशा, हिवाळ्याची रजई — सुट्टीपुरती कुणी हिवाळ्याची रजई शिवतं का?

नऊ आठवडे मिळाले ना, तर मी बरी होईन. शपथ घेऊन सांगते. झोपेन, हसेन, विसरणार नाही, मोरीत पाऊल टाकणार नाही. याआधी प्रत्येक वेळी जमलंय मला. फक्त आज हे पान त्याच्यासमोर नको. तुम्ही एवढंच सांगा, की पहिल्या आठवड्याच्या फायली संपल्या, नवीन वर्षापर्यंत जुनीच चालू राहील. नाहीतर मग हे एकच पान — मी कात्रीने सरळ कापते, कळणारही नाही. हो, पुढे नऊ घरं आहेत, पानं मोजून घेतात, तुमची नोकरी — मला कळतंय, डूवेस. मी काय दगड आहे? पण तुम्हाला दुसरी नोकरी मिळेल, मला दुसरी फेना कुठून मिळणार?

असे बघू नका माझ्याकडे. तुम्हालाही वाटतंय ना, की या बाईने जावं कुठेतरी, खुर्चीवर पडून राहावं? तुमची बायको — तीही वाचत असेल. तुम्ही तर कोरीच वाचत असाल, सगळ्यांच्या आधी.

का उठलात? तुमच्या मागे काय — अरे देवा. सायकल लावतोय तो. इतक्या लवकर. खिडकीतून हात करतोय, तुम्हीही करा, हात करा ना. हसा. द्या ती फाइल इकडे, टेबलावर ठेवते, मधोमध, ते साप्ताहिक सगळ्यात वर, नाहीतर म्हणेल मुद्दाम खाली घातलं. फेना, बाळा, बाबा आला, चल, नाक पुसू दे.

— आलास? लवकर कसा? हे डूवेस, आपली नवी फाइल घेऊन आलेत. छे, मी नाही उघडली, म्हटलं तूच आधी बघशील. हो, खरंच, काय कागद आहे, नाही? बस ना, कोट दे. मी? नाही रे, कुठे काय, कांदा चिरत होते. थकलेली? छे, गोवर्ट, मी कशाला थकेन. सकाळपासून तर बसूनच आहे.

तुम्ही या आता, डूवेस. दार ओढून घ्या जाताना.