पारड्याखालची चिंच

— तिनं लावली म्हणते? चिंच? तराजूच्या पारड्याखाली माझ्या नातीनं, हेमांगीनं चिंच लावली, असं मास्तर म्हणतो आणि तुम्ही मानलंत? नाही, ती स्वतःच कबूल झाली ना, मग झालं तर. पोरांची मस्करी. त्यासाठी तू गाडी सोडून माझ्या ओट्यावर कशाला आलीस? नाव काय म्हणालीस — भाविका. तापीकाठच्या गुजरांची ना? बोलण्यावरून वाटलंच. बस. चहा नाही, दूध नासलंय. आणि मला विज्ञान-बिज्ञान सांगू नको, चौथीत शाळा सोडलेला माणूस आहे मी, लोटन मापाडी, नंदुरबारला मिरचीच्या बाजारात चाळीस वर्षं तोललं मी, कोणाची छटाक इकडची तिकडं केली नाही, विचार कोणालाही. तुमची ती प्रयोगाची गाडी गावात येते, रिटायर झालेला पितांबर मास्तर तिच्याबरोबर फिरून प्रयोग दाखवतो, पोरं भिंगातून माशीचे पाय बघतात — बघू देत, माझं काय जातं?

मस्करीच ती. पण पोरांना जमत नाही हां ते, सांगून ठेवतो. नवी चिंच लावली की दोन घटकेत सुटते. जुनी लागते, मीठ घातलेली, काळी, सुपारीएवढी घ्यायची, थुंकी लावून मळायची आणि पारड्याच्या मधोमध दाबायची — कडेला लावली तर पारडं कलतं, लगेच दिसतं. माझ्या तराजूला कशी बसली होती — फरशीवर आपटला असता तरी —

असं काय बघतेस?

बरं. लावली. मीच लावली. पोलिसात देणार? दे. मास्तरांच्या गाडीतला काटा रस्त्यात मोडला, तेव्हा त्यांना आठवला लोटन! स्वतः नाही आला हां पितांबर मास्तर — आमच्या हेमांगीला धाडलं. “आबा, सरांनी आपला तराजू मागितला शे, मेळाव्यात दोन्ही पारडी सारखी कशी ऱ्हातीस ते दाखवणार शेत.” सारखी! पितांबर मास्तर सारखं काय ते दाखवणार, आणि तेही माझ्या तराजूवर! मी म्हटलं, थांब, पुसून देतो. आणि मागच्या खोलीत गेलो. छप्पन वर्षं थांबलो होतो पोरी, छप्पन.

आता ऐकायला आलीस तर ऐक. मी चौथीत. शाळा तपासायला साहेब आलेला. मास्तर तेव्हा कोवळा, मिशी नुकती फुटलेली, त्याला साहेबापुढं मिरवायचं होतं. माझ्यापुढं चिंचोक्यांचा ढीग ओतला, म्हणे मोज. मी मोजायला लागलो — लाभ, दोन, तीन, चार. आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. खळ्यावर धान्य मोजताना पहिलं माप लाभ. एक म्हटलं की बरकत जाते, माझा बाप असाच मोजायचा, त्याचा बाप असाच. मला वाटलं सगळं जग असंच मोजतं! साहेब हसला. साहेब हसला म्हणून मास्तर चिडला. मला बाकावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं — लाभ्या, लाभ्या, लाभ्या. संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी बापाबरोबर खळ्यावर गेलो, ज्वारीचं पहिलं माप टाकलं, आणि भ्यालेलाच होतो ना, तोंडातून गेलं — एक. शेतकऱ्यादेखत बापानं कानाखाली वाजवली. काल एक म्हटलं नाही म्हणून बाकावर, आज म्हटलं म्हणून मार. परत शाळेत गेलो नाही. मास्तर एकदा तरी घरी आला असेल विचारायला, पोरगं का येत नाही म्हणून? हं! गावात अजून म्हातारे मला लाभ्याच म्हणतात. बायको मेली तेव्हा मयतीला आलेला एक जण म्हणाला, लाभ्याची बायको गेली.

म्हणशील, बाजारात का नाही काढलं उट्टं? त्याच्या शेतातली मिरची मीच तोलायचो ना दरवर्षी. पाच-सात किलो मारणं काय, हातचा मळ. नाही मारले. कारण तिथं त्याला कळलंच नसतं! मला ते चारचौघांत पाहिजे होतं, पोरांपुढं, खुर्चीवर बसलेल्या लोकांपुढं — जसं मला मिळालं तसं.

आणि मिळालं. मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या खिडकीबाहेर उभा होतो मी. मास्तरनं एका बाजूला किलो ठेवला, दुसऱ्या बाजूला किलो ठेवला, “आता पाहा मुलांनो” म्हणाला — डावं पारडं धप्पकन खाली. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. मागनं गावातला भीमसिंग ओरडला, “मास्तर, तुमना उजवा किलो उपाशी शे का?” काय हसले लोक! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, किलो पुसून पुसून पुन्हा ठेवतोय. मी पोट भरून बघितलं. खोटं कशाला बोलू, आजही आठवलं की बरं वाटतं.

पण आमची पोरगी उठली ना मधेच. कोणी बोलावलं होतं तिला? म्हणते, सर, दोन्ही वजनं अदलाबदल करून बघा. केली. तरी डावंच खाली. म्हणते, म्हणजे वजनं खरी आहेत, खोट तराजूत आहे. मला हे कळायला बापाच्या हाताखाली दोन वर्षं लागली होती, आणि तिनं उभ्या उभ्या — सातवीतली पोर! मग वाकली, पारड्याखाली बघितलं.  मान वर केली ती थेट खिडकीकडं. माझ्याकडं. मास्तरनं पारडं उलटं केलं, बोटाला चिकट लागलं, ओरडला — कोणी केलं हे? तर ही म्हणते, मी केलं सर.

मी घरी आलो. भाकर खाल्ली. तिनंच वाढली. दोन दिवस झाले, पाणी देते, औषध देते, “आबा, जेवी ल्या” म्हणते. बाकी अक्षर नाही.

काय? नाव काढलं? कोणी — कशातून? लोणखेड्याच्या शिबिरातून? ते दहा दिवसांचं, अख्ख्या शाळेतून एकच पोर घेणार होते ते? तिचं होतं नाव? मला कुठं बोलली ती! आणि मास्तरनं खोडलं. स्वतःच्या हातानं. खोटं करणाऱ्याला विज्ञान शिकवत नाही म्हणाला. वा रे वा! आजा गेला चिंचोक्यात, नात गेली चिंचेत, आणि हा अजून न्याय करतोय!

काढ एक कागद. तुझ्या पिशवीत असेल ना. लिही — चिंच लोटन मापाड्यानं लावली, हेमांगीनं नाही. पुढं लिही — माफी मागत नाही. लिही ना, अडखळतेस काय? का लावली तेही लिही, साहेब, बाक, लाभ्या, सगळं. आणि उद्या सकाळी प्रार्थना झाली की हा कागद पितांबर मास्तरनं वाचायचा, पोरांपुढं, मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं. तू नाही, हेडमास्तर नाही. तो. मी पहिल्या रांगेत बसेन. आणि वाचून झालं की तिचं नाव परत लिहायचं. नाही लिहिलं तर हेच मी आठवडे बाजारात उभं राहून सांगेन, दर आठवड्याला, मरेपर्यंत — मला दुसरं काम नाही. आण इकडं, सही करतो. ल ला काना, वर मात्रा — येतं मला. धर.

तिला? तिला तू सांगू नको. तिला मी — बघू. सांगेन कधीतरी. त्यात काय सांगायचं, तिला माहीतच आहे. माहीत आहे म्हणून तर —

आली वाटतं. हेमांगी, हंडा खाली ठेव. ठेव आधी. हाई गाडीवाली बाई शे, निघनीच. तू इकडं ये. बस. जवळ बस.

ए पोरी, झालं ना तुझं काम? मग जा ना! उभी काय राहिलीस?