तो माणूस तुमचा आहे का?

नाव नोंदवहीत वर लिहून घेतलं आहे. वय चौपन्न वर्षे. धंदा वार्ताहर. राहणार चष्म्याच्या दुकानासमोरची इमारत, दुसरा मजला, रस्त्याच्या बाजूला गॅलरी असलेली खोली. शिक्षण विचारलं म्हणून सांगतो, संस्कृत घेऊन एम. ए. त्याचा या प्रकरणात उपयोग झाला नाही. झाला तो अपायच.

आज शुक्रवारी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारता, सांगतो की,

माझ्या बहिणीची मुलगी चित्रपटाचं शिक्षण घेते. परीक्षेसाठी तिला बारा मिनिटांचा थरारपट करायचा आहे. गोष्ट अशी की एका बाईचा कोणीतरी पाठलाग करतो आणि तो कोण हे शेवटपर्यंत दिसत नाही. चित्रीकरणाआधी प्रत्येक शॉट कुठून घ्यायचा, कॅमेरा किती उंचीवर, कुठल्या कोनात, हे जागेवर बसून वहीत आखावं लागतं. त्यासाठी वरून रस्ता दिसेल अशी जागा हवी होती आणि मामाची गॅलरी फुकट होती. सोमवारी दुपारी चार वाजता ती आणि तिच्या वर्गातली, कॅमेरा सांभाळणारी मुलगी माझ्याकडे आल्या. माझी खुर्ची उचलून आत ठेवली आणि तिथे कॅमेऱ्याचा स्टँड मांडला. माझं मत कोणी विचारलं नाही.

वहीची पद्धत अशी: डावीकडे शॉटचा क्रमांक, मग वेळ, मग कोन आणि उजवीकडे चौकटीत पेन्सिलीचं चित्र. वेळ लिहितात कारण ऊन कललं की सावल्या सरकतात, आणि एका दिवशीचा शॉट दुसऱ्या दिवशीच्या शॉटला जोडताना त्या जुळाव्या लागतात. हे नीट लिहून घ्यावं. पुढचं सगळं या वेळांवर अवलंबून आहे.

समोरचं दुकान सहा वाजून दहा मिनिटांनी बंद होतं. त्याला पुढे दार आणि मागे गल्लीत उतरणारा जिना आहे. पुढच्या दारासमोर, रस्त्याच्या अलीकडे, विजेच्या पेटीला टेकून, ज्याच्याबद्दल हा जबाब आहे तो इसम उभा असे. 'इसम' हा शब्द आपला. आम्ही त्याला खांब म्हणत होतो. नाव मी ठेवलं. तर्कशास्त्रात संशयाचं एक जुनं उदाहरण देतात: संधिप्रकाशात लांबवर काहीतरी उभं दिसतं, तो खांब असेल की माणूस? मी ते पोरींना रंगवून सांगितलं, त्या हसल्या, आणि वहीत त्या इसमाच्या चित्राखाली 'खांब' असं नाव पडलं. वहीत जिथे जिथे खांब आहे तिथे हाच इसम समजावा. विजेचा खांब त्या रस्त्यावर नाही. जाऊन पाहावं.

सोमवारच्या पानावर शॉट चार: "५.४०. वरून, तिरका. खांब पुढे, दार मागे." मंगळवार, शॉट नऊ: "६.१०. दार उघडतं, दुकानाचे मालक बाहेर. खांब झटकन मान वळवतो, परत सरळ. मस्त!" हे 'मस्त' भाचीचं. या दोन्ही दिवशी आमच्यापैकी कोणीही त्या इसमाशी एक शब्द बोललेलं नव्हतं. हे वाक्य अधोरेखित करावं. तशी पद्धत नसेल तर दोनदा लिहावं.

बुधवारी पाच वाजता भाची कॅमेऱ्यातून पाहत म्हणाली, "मामा, फ्रेम सपाट वाटते. खांब जरा डावीकडे हवा."

"मग खांबाला सांगून बघ," मी म्हणालो. मी चेष्टेत बोललो. ती खरोखर खाली गेली. वर ऐकू आलं ते असं:

"काका, दोन पावलं डावीकडे व्हाल का? आम्ही फिल्मची तयारी करतोय."

"असा?"

"अजून थोडं. बास, बास. उद्या पण असाल ना?"

"मी रोजच असतो, बेटा."

वर येऊन ती म्हणाली, "काय गोड माणूस आहे!" मी तीस वर्षं लोकांना कोण, कुठे, केव्हा, का असं विचारून पोट भरतो. पाण्याचा पाइप फुटला तरी का फुटला म्हणून तीन साहेबांना फोन करतो. हा माणूस इथे रोज का असतो, हे मी विचारलं नाही.

त्याच दिवशी साडेपाचच्या सुमारास चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाई जिना चढून आमच्याकडे आल्या. दारातच थांबल्या. म्हणाल्या, "मला त्यात घेऊ नका."

"नाही हो ताई, तुम्ही नाही. फक्त दुकानाचं दार," भाची म्हणाली.

बाईंनी गॅलरीतून खाली पाहिलं. "तो माणूस तुमचा आहे का?"

भाचीचं डोकं वहीत होतं. "हो हो, आमचाच."

"नक्की?"

"आत्ताच त्यांना जागा दाखवून आले की."

बाईंनी पुन्हा एकदा खाली पाहिलं. मग हसल्या. पाणी मागितलं, मी तांब्याभर दिलं, ते सगळं प्यायल्या. "मी पण ना, उगीच..." एवढं म्हणून खाली गेल्या.

मी तिथेच होतो. 'आमचाच' हे खोटं आहे हे मला माहीत होतं. पोरीच्या बोलण्यातला सैलपणा म्हणून मी सोडून दिलं. एरवी मी तिचे ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सोडत नाही.

बाई दोन महिने मागच्या जिन्याने, दुकानातल्या दुसऱ्या एका बाईला सोबत घेऊन घरी जात होत्या, हे मला नंतर कळलं. गुरुवारी त्या पुढच्या दाराने एकट्या निघाल्या. का, असं मी दवाखान्यात विचारलं. म्हणाल्या, "तुमच्या मुलीने सांगितलं ना, म्हणून."

गुरुवारी सहा दहाला चाचणीसाठी कॅमेरा चालू होता. दार उघडलं, बाई बाहेर पडून पादचारी पुलाकडे वळल्या. इसमाने मान वळवली आणि या खेपेला परत सरळ केली नाही. चालू लागला. भाची वैतागून म्हणाली, "अगं, हा फ्रेमबाहेर चालला!" हे वाक्य कॅमेऱ्याच्या कार्डावर आवाजासकट आहे. पुढे एक मिनिट वीस सेकंद कॅमेऱ्यात रिकामा रस्ता आहे. मग ओरडणं ऐकू येतं.

मी खाली धावलो. पोचलो तेव्हा बाई पादचारी पुलाच्या पायऱ्यांच्या तळाशी पडल्या होत्या. त्याने मनगट धरलं, त्यांनी हिसका दिला आणि त्या पडल्या, असं पुलावरच्या लोकांनी सांगितलं. मी ते पाहिलं नाही. मनगट उजवं, हाड दोन ठिकाणी मोडलं. लोकांनी इसमाला धरून ठेवलं होतं. मी धरलं नाही. तो अगदी शांत होता. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "या साहेबांना विचारा. मी त्यांच्या पिक्चरमध्ये आहे. त्यांनीच मला तिथे उभं केलं."

आज सकाळी या ठाण्यात मला समजावण्यात आलं की तो पिक्चरवाल्यांच्या सांगण्यावरून उभा होता, बाईंचा गैरसमज झाला, पाय घसरला, आणि एवढ्यावर भागेल. भागणार नाही. सोमवार आणि मंगळवारची पानं पाहावीत. बाई या ठाण्यात याआधी दोनदा आल्या होत्या. पहिल्या वेळी त्यांना सांगितलं, "उभं राहणं गुन्हा नाही." दुसऱ्या वेळी विचारलं, "रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का?" दोन्ही वेळा काहीही लिहून घेतलं नाही. मी हे सांगितल्यावर जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, हे यात बसत नाही. तुम्ही तेव्हा हजर नव्हता."

"बरोबर. मग असं लिहा, की बाईंनी मला असं सांगितलं."

"तुम्ही पेपरवाले ना? पेपरात लिहा की."

"तिथे लिहीनच. आधी इथे लिहा."

पेन परत उचललं जाईपर्यंत अकरा मिनिटं गेली. तीही लिहावीत.

वही आणि कार्ड भाचीने स्वतःहून आणून दिलं आहे. ही वही येत्या सोमवारी कॉलेजात तपासायला द्यायची होती. वहीशिवाय चित्रीकरणाला परवानगी मिळत नाही आणि वर्ष जातं. मी तिला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ दे वर्ष." देण्याआधी ती 'मस्त' हा शब्द खोडायला बसली होती. मी खोडू दिला नाही. पानांचे फोटो मी काढून ठेवले आहेत. ठाण्यातून वस्तू गहाळ होतात असं मला म्हणायचं नाही. उंदीर सगळीकडेच असतात. वस्तू मिळाल्याची पोच द्यावी.

बाई सकाळी नऊपासून बाहेर बाकावर, हात गळ्यात बांधून बसल्या आहेत. आता पावणेएक झाला आहे. त्यांना दोनदा "उद्या या" म्हटलेलं मी या खुर्चीतून ऐकलं. त्यांची तक्रार आजच आणि याच टेबलावर घ्यावी. मी ही खुर्ची त्यांना देतो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. पहिल्या वाचनात बाईंच्या आधीच्या दोन भेटींचा मजकूर गळला होता; तो घालून पुन्हा वाचला. आता तो मी सांगितला तसा आणि खरा आहे. सही मागण्यात आली. बाईंची तक्रार लिहायला सुरुवात झाल्यावर करतो, असं सांगितलं.

त्यांचं नाव, वय आणि पत्ता लिहून झाला. एक वाजून पाच मिनिटं. सही केली.