मधली पट्टी

सिएनफुएगोस शहरातल्या पावाच्या रांगेत येऊन सिओमारानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "शेवटचं कोण?"

"हा रामिरो. त्याच्या पुढे मी," म्हातारी नेरेइदा म्हणाली. " वेगवेगळे धर हो बाई, आमचा घटस्फोट झालाय."

"घर मात्र एकच," म्हातारा रामिरो म्हणाला. "दुसरं मिळतंय कुठं? मधे फळ्या ठोकल्यात."

"फळ्यांचा काय उपयोग? वीज गेली की लावायला ह्यानं दोन एलईडी दिवे केले. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी माझं बटण दाबलं की ह्याचाही लागतो. ह्यानं दाबलं की माझाही."

"अगं नेरेइदा, दोन्ही दिव्यांचा सर्किट बोर्ड एकच आहे. त्याच्या खालून तांब्याची पट्टी सलग जाते. दोन दिव्यांच्या मधे ती कापायची असते, ती राहिली."

"लग्न मोडताना बरं काही कापायचं राहिलं नाही."

"आज कापतो. ब्लेडनं खरवडली की झालं."

रांग थोडी पुढे सरकली. नेरेइदा हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिली.

"कापू नकोस."

"काल तर भांडलीस."

"रात्री तू छातीच्या गोळीसाठी उठतोस, तेव्हा माझ्याकडेही उजेड पडतो. कळतं मला, उठलाय."

"आणि एखाद्या रात्री नाहीच उठलो तर?"

"तर मी माझं बटण दाबीन. डोळ्यांवर उजेड आला की मुकाट्यानं उठायचं."